गोळीचा त्रास आणि प्रवासाचा हिशेब

मलेरिया होऊ नये म्हणून प्रवासाआधी घ्यायच्या गोळीचा त्रास होतो का, या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘होतो’ असंच आहे. कुणाला मळमळतं, कुणाची त्वचा उन्हात भाजते, कुणाला रात्री विचित्र स्वप्नं पडतात आणि अगदी थोड्यांना याहून गंभीर काही होतं. तरीही एवढ्या उत्तरावर निर्णय घेता येत नाही. तराजूचं एकच पारडं पाहून वजन कळत नाही. दुसऱ्या पारड्यात प्रवासाचं ठिकाण, तिथला हंगाम, मुक्कामाची लांबी आणि जाणाऱ्या माणसाची प्रकृती ठेवली, तरच गोळीचा त्रास जड की हलका ते ठरतं. वाशिमसारख्या जिल्ह्यातल्या माणसाला हे विशेष लागू पडतं. २०१८ साली केंद्र सरकारनं आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून वाशिम, गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद असे चार जिल्हे त्यात आले. विकासाच्या मोजपट्टीवर वाशिम आणि गडचिरोली एका रांगेत बसले; मलेरियाच्या बाबतीत मात्र दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. राज्यातल्या फाल्सिपारम मलेरियाचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या प्रकाराचा, मोठा वाटा एकट्या गडचिरोलीचा असतो. वाशिमचा माणूस विदर्भ न सोडताही कमी जोखमीच्या मुलखातून जास्त जोखमीच्या मुलखात जाऊ शकतो, आणि ही सीमा रस्त्यावर कुठे दिसत नाही.

असा प्रवास करणारे लोक थोडे नाहीत. राज्य राखीव पोलीस दलात किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलात भरती झालेला वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीरचा तरुण गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या किंवा भामरागडच्या ठाण्यावर पोहोचतो. शिक्षक, परिचारिका, वनरक्षक यांच्या नेमणुका तिकडे निघतात. रस्त्याच्या आणि पुलाच्या कामावर मजूर जातात. महाशिवरात्रीला भाविक वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला जातात, शाळा-कॉलेजची मंडळी हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प पाहायला जातात. याहून लांब जाणारेही आहेत: नायजेरिया, टांझानिया, काँगो अशा देशांत बांधकामावर, कारखान्यात किंवा व्यापारी पेढीवर नोकरी धरणारे. या सगळ्यांना एकच सल्ला देणं चूक आहे, आणि ‘गोळ्या गरम पडतात, घेऊ नका’ किंवा ‘खबरदारी म्हणून घेऊनच टाका’ ही दोन्ही टोकं त्याच चुकीची रूपं आहेत.

आपल्याकडच्या गैरसमजाला इतिहास आहे. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याआधी देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख दगावत, असा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीनं रुग्णांचा आकडा १९६५पर्यंत एक लाखाच्या आसपास आला. मग कार्यक्रम ढिला पडला आणि १९७६ साली रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले. या सगळ्या काळात गावोगाव ओळखीची झालेली गोळी म्हणजे क्लोरोक्विन. ताप आला की क्लोरोक्विन, जंगलात जायचं तर आठवड्याला क्लोरोक्विन, हे समीकरण दोन पिढ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. पण १९७३ साली आसाममध्ये या गोळीला दाद न देणारा फाल्सिपारम जंतू सापडला आणि पुढे असा जंतू देशभर पसरत गेला. आज भारताच्या राष्ट्रीय धोरणात फाल्सिपारमवर क्लोरोक्विन दिलंच जात नाही. आर्टेमिसिनिन गटातलं औषध जोडीच्या दुसऱ्या औषधासोबत देतात. क्लोरोक्विन उरलं ते व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकारासाठी. त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून भामरागडला किंवा लागोसला निघताना क्लोरोक्विनची पट्टी खिशात टाकणारा माणूस त्रासाची जोखीम पत्करतो आणि संरक्षण मात्र त्याला मिळत नाही. गोळीच्या हिशेबातला हा सर्वांत वाईट सौदा.

आता खरोखर उपयोगी पडणाऱ्या गोळ्यांकडे वळू. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सहा आठवड्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी डॉक्सिसायक्लिन हे औषध आहे: प्रौढाला रोज १०० मिलिग्रॅम, निघण्याच्या दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवडे. हे मुळात प्रतिजैविक आहे आणि स्वस्त आहे. त्याच्या त्रासांपैकी बरेच टाळता येण्याजोगे आहेत, ही गोष्ट फार कमी सांगितली जाते. कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते. छातीत जळजळ, गिळताना कळ ही तक्रार बहुधा यातूनच येते. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, झोपण्याच्या बऱ्याच आधी घेतली तर हा धोका खूप कमी होतो. दुसरा त्रास उन्हाचा. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्या काहींची त्वचा उन्हात लवकर भाजते, आणि विदर्भातलं ऊन काही सौम्य नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला उपरणं हा त्यावरचा उपाय डासांविरुद्धही कामाला येतो. स्त्रियांना योनिमार्गात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, तो औषधानं बरा होतो. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या सोबत घेतल्या तर डॉक्सिसायक्लिन नीट शोषलं जात नाही, म्हणून त्यांच्यात काही तासांचं अंतर हवं. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना मात्र राष्ट्रीय सूचनेप्रमाणे ते देत नाहीत.

सहा आठवड्यांहून लांब मुक्कामासाठी, मुख्यतः सैन्य आणि निमलष्करी दलांतल्या जवानांसाठी, त्याच सूचनांत मेफ्लोक्विन आहे: आठवड्यातून एकदा २५० मिलिग्रॅम, दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत. आठवड्याला एकच गोळी ही सोय मोठी आहे, आणि बदनामीही याच गोळीची सर्वांत जास्त आहे. ती निराधार नाही. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१३ साली या औषधाच्या वेष्टनावर सर्वांत कडक प्रकारचा इशारा छापायला लावला: चिंता, भ्रम, नैराश्य असे मानसिक परिणाम होऊ शकतात, चक्कर आणि तोल जाणं औषध बंद केल्यावरही राहू शकतं, क्वचित कायमचं. हे परिणाम किती जणांना होतात याचं उत्तर मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. फक्त गंभीर, रुग्णालयात नेण्याजोग्या घटना मोजणाऱ्या जुन्या युरोपीय अभ्यासांत हे प्रमाण दहा हजारांत एक असं निघालं. पण १९९६ साली ब्रिटनमध्ये परतलेल्या प्रवाशांना थेट विचारलं, तेव्हा रोजचं काम अडवण्याइतका मानसिक त्रास मेफ्लोक्विनवाल्यांपैकी ०.७ टक्के लोकांनी सांगितला. क्लोरोक्विन आणि प्रोग्वानिल ही औषधांची जोडी घेणाऱ्यांत तो ०.०९ टक्के होता. हजारांत सात हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, आणि सगळ्यांनी घाबरावं असाही नाही. ज्याला पूर्वी फिट आल्या आहेत, नैराश्याचा किंवा इतर मानसिक आजार होता किंवा आहे, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार आहे, त्यानं मेफ्लोक्विन घेऊ नये हे आपल्या सूचनांतच स्पष्ट आहे. बाकीच्यांसाठी एक व्यवहारी वाट आहे. या गोळीचे बहुतेक त्रास पहिल्या तीन मात्रांतच दिसतात, म्हणून ती घरी असतानाच दोन-तीन आठवडे आधी सुरू करायची. सोसली नाही तर दुसऱ्या गोळीवर जायला वेळ असतो, आणि तोही आपल्या डॉक्टरच्या नजरेखाली.

तिसरी गोळी अ‍ॅटोव्हाक्वोन आणि प्रोग्वानिल यांची जोडगोळी. ती रोज घ्यावी लागते आणि डॉक्सिसायक्लिनपेक्षा महाग पडते, पण परतल्यावर फक्त सात दिवस चालू ठेवावी लागते. हा फरक जंतूच्या प्रवासातून येतो. डास चावल्यावर मलेरियाचा जंतू आधी यकृतात जातो, तिथे वाढतो आणि मग रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन ही औषधं मुख्यतः रक्तातल्या जंतूला मारतात, त्यामुळे शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचा जंतू यकृतातून बाहेर येईपर्यंत ती रक्तात असावी लागतात; म्हणून चार आठवडे. अ‍ॅटोव्हाक्वोन यकृतातच त्याला गाठतं. घरी आलो म्हणजे धोका संपला असं समजून गोळी बंद करणारा माणूस संरक्षणाचा शेवटचा आणि महत्त्वाचा भाग वाया घालवतो. व्हायव्हॅक्सची गोष्ट आणखी वेगळी: त्याचे काही जंतू यकृतात सुप्त राहतात आणि या तिन्ही गोळ्या नीट घेऊनही महिन्यांनी ताप येऊ शकतो. त्यांचा नायनाट करणारं प्रायमाक्विन देण्याआधी जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता आहे का हे पाहावं लागतं, नाहीतर लाल पेशी फुटतात. हा उपचार चालू असताना लघवी काळपट झाली, तर गोळी थांबवून तडक दवाखाना गाठायचा.

या गोळ्यांची तुलना करणारी एक चाचणी २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. ६२३ प्रवासी, चार गट, आणि कोणती गोळी मिळतेय हे कुणालाच माहीत नाही. सौम्य ते मध्यम त्रासाचं प्रमाण क्लोरोक्विन-प्रोग्वानिलमध्ये ४५ टक्के, मेफ्लोक्विनमध्ये ४२, डॉक्सिसायक्लिनमध्ये ३३ आणि अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलमध्ये ३२ टक्के निघालं. हे आकडे मोठे वाटतात, पण त्याच चाचणीतली दुसरी बाब अधिक बोलकी आहे. सुरुवातीला ज्यांना औषध नसलेली नकली गोळी दिली होती, त्यांच्यातल्याही पुष्कळांनी त्रास झाल्याचं सांगितलं. प्रवासाची दगदग, बदललेलं पाणी, अपुरी झोप, मनातली धास्ती यांचा भार आपण गोळीच्या खात्यावर टाकतो. कुणाही सहभागी व्यक्तीला गंभीर इजा झाली नाही. यातून दोन निष्कर्ष निघतात: त्रास खरा आहे, पण तो सगळा औषधाचा नसतो; आणि गोळ्या-गोळ्यांत फरक आहे, त्यामुळे ‘एक सोसली नाही’ म्हणजे ‘एकही सोसणार नाही’ असं होत नाही.

आता दुसरं पारडं. भारतात २०२३ साली नोंद झालेले मलेरियाचे रुग्ण २,२७,५६४ होते आणि मृत्यू ८३. एकशे चाळीस कोटींच्या देशात हे प्रमाण वर्षाला लाखामागे साधारण सोळा पडतं. महिन्याचं काढलं तर लाखामागे दीडहूनही कमी. उलट, पश्चिम आफ्रिकेत गोळ्या न घेता महिनाभर राहणाऱ्या परदेशी प्रवाशांपैकी सुमारे २.४ टक्के लोकांना मलेरिया होतो, असा प्रवासी-वैद्यकातला जुना आणि नेहमी वापरला जाणारा अंदाज आहे. म्हणजे लाखामागे दोन हजार चारशे. आपल्याकडच्या नोंदी अपुऱ्या असतात हे मान्य करून भारताचा आकडा दहापट धरला, तरी दोन्हींतला फरक शंभरपटींहून जास्त राहतो. एकाच गोळीचा तोच त्रास एका प्रवासात फुकटचा ठरतो आणि दुसऱ्यात स्वस्तातला विमा, तो या फरकामुळे.

आजार झाल्यावर काय होतं याचीही मोजदाद आहे. ब्रिटनमध्ये १९८७ ते २००६ या काळात बाहेरून फाल्सिपारम घेऊन आलेल्या २५,०५४ रुग्णांपैकी १८४ दगावले. तिथली रुग्णालयं हाताशी असून हे झालं. वयागणिक धोका वाढत गेला. पासष्टीपुढच्या रुग्णांत तो ४.६ टक्के होता. मायदेशी नातेवाइकांना भेटून आलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांत मृत्यूचं प्रमाण कमी, सहलीला गेलेल्यांत ते तीन टक्के. लहानपणापासून वारंवार मलेरिया झाल्यानं येणारी अर्धीमुर्धी प्रतिकारशक्ती हे त्याचं एक कारण मानलं जातं. वाशिमचा माणूस या तुलनेत सहलवाल्यांच्या बाजूला बसतो. वर्षभराच्या करारावर पश्चिम आफ्रिकेत गेलेल्या आणि काहीच काळजी न घेणाऱ्या हजार जणांत, वरचा दर धरला, तर साधारण पाव लोकांना वर्षात मलेरिया होईल, आणि उत्तम उपचार मिळूनही त्यातले निदान एक-दोन जण मरतील. हजारांत सातांना होणारा मेफ्लोक्विनचा त्रास या आकड्यासमोर ठेवला की निकाल स्पष्ट होतो, आणि डॉक्सिसायक्लिन सोसणाऱ्याला तर तेवढीही किंमत मोजावी लागत नाही.

गडचिरोलीचं उत्तर इतकं सरळ नाही, आणि तसं असण्याचं कारणही आहे. फेब्रुवारीत मार्कंड्याला एक दिवस जाऊन येणाऱ्या भाविकाला गोळीची गरज नाही. पावसाळ्यात किंवा त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या जंगलपट्ट्यात रात्रीचे मुक्काम असतील, तर प्रश्न बदलतो. मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस डास रात्री चावतो. दिवसा फिरून संध्याकाळी परतणं आणि पाड्यावर झोपणं यांत म्हणूनच मोठा फरक आहे. राष्ट्रीय धोरण प्रतिबंधक गोळी सरसकट सगळ्यांना देत नाही. जास्त फाल्सिपारम असलेल्या भागात जाणाऱ्या निवडक गटांपुरती ती ठेवली आहे आणि बाकीच्यांना औषधी मच्छरदाणीचा आग्रह धरला आहे. परदेशांतही याबाबत एकमत नाही. अमेरिकेची आरोग्य यंत्रणा उंच हिमालयी भाग वगळता जवळजवळ सगळ्या भारतासाठी गोळी सुचवते. ब्रिटनची यंत्रणा भारताच्या बहुतेक भागासाठी फक्त डास टाळा असं सांगते आणि गोळी मोजक्या भागांपुरती ठेवते. न्यू जर्सीहून वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याला आजीकडे येणाऱ्या नातवाला गोळ्या मिळतात आणि लंडनहून येणाऱ्या त्याच्या चुलत बहिणीला बहुधा मिळत नाहीत, याचं कारण इथल्या डासांत नाही. दोन यंत्रणांनी त्याच माहितीवर जोखमीची रेषा वेगवेगळ्या ठिकाणी ओढली आहे. कारंजा किंवा रिसोडच्या मुक्कामापुरतं ब्रिटनचं मत अधिक पटणारं आहे. तीच मंडळी ऑगस्टमध्ये हेमलकशाला आठवडाभर राहणार असतील, तर मात्र डॉक्सिसायक्लिनचा विचार करायला हवा.

आफ्रिकेला निघणाऱ्या कामगाराच्या बाबतीत एक विसंगती वारंवार दिसते. पिवळ्या तापाची लस तो न चुकता घेतो, कारण प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर अडवतात. हा नियम देशाला वाचवण्यासाठी आहे: पिवळा ताप भारतात नाही, पण तो पसरवू शकणारे डास आहेत. मलेरियाच्या गोळ्यांचं प्रमाणपत्र मात्र कुणी मागत नाही, कारण त्या न घेण्याचा तोटा ज्याचा त्याला होतो. जिथे सरकारी सक्ती नाही तिथे धोका नाही, असा अर्थ लोक काढतात आणि जास्त संभाव्य आजाराकडे पाठ फिरवतात. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. त्याच भेटीत मलेरियाची गोळी विचारली तर वेगळी खेप लागत नाही. आणि गोळ्या इथूनच न्याव्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सांगितलं की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत तपासलेल्या दहा औषधांपैकी एक बनावट किंवा निकृष्ट निघतं.

यावर काही आक्षेप येतात आणि ते ऐकण्याजोगे आहेत. पहिला: आम्ही डासांतच वाढलो, आम्हाला काय होणार? मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती वारंवार संसर्ग झाला तरच टिकते, आणि वाशिममधल्या आजच्या तरुणाला असा संसर्ग होतच नाही. ही चांगली बातमी आहे. तिचाच अर्थ असा की तो बाहेर गेल्यावर असुरक्षित आहे. दुसरा: आला ताप तर बघू, उपचार स्वस्त आहेत. उपचार नुसते स्वस्त नाहीत, सरकारी दवाखान्यात तर फुकट आहेत. पण फाल्सिपारम चोवीस तासांत माणसाला मरणाच्या दारात नेऊ शकतो, आणि हा युक्तिवाद तपासणी काही तासांत होईल अशाच ठिकाणी चालतो. वाशिम शहरात चालतो. भर पावसात नाल्यापलीकडे अडकलेल्या पाड्यावर किंवा खाणीच्या छावणीत चालत नाही. तिसरा: वर्षानुवर्षं रोज गोळी कोण खाणार? हा आक्षेप खरा आहे. वर्ष-दोन वर्षं राहणारे बहुतेक जण मध्येच गोळ्या सोडतात. त्यांनी निदान मच्छरदाणी सोडू नये, जवळचं तपासणी केंद्र पोहोचल्या दिवशीच शोधून ठेवावं आणि पहिल्या तापालाच रक्त तपासावं. अर्धवट घेतलेल्या गोळ्या आणि खोटा दिलासा यांच्यापेक्षा ही शिस्त बरी.

चौथा आक्षेप पर्यायांचा. गुळवेलीचा काढा किंवा होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांनी मलेरिया टळतो याला पुरावा नाही. ‘आर्टेमिसिनिनही वनस्पतीतूनच आलं ना?’ असं विचारलं जातं. आलं, आणि त्यासाठी तू यूयू यांना २०१५ साली नोबेल मिळालं. पण त्यांनी त्या वनस्पतीतलं द्रव्य वेगळं काढलं, मोजलं आणि तपासलं; जागतिक आरोग्य संघटना त्याच वनस्पतीचा चहा पिण्याचा सल्ला देत नाही. लसीचंही असंच. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर-ट्वेंटीवन लस ही अभिमानाची गोष्ट आहे, पण २०२३ साली तिची शिफारस झाली ती मलेरियाच्या प्रदेशात वाढणाऱ्या लहान मुलांसाठी. प्रौढ प्रवाशासाठी ती नाही. पाचवा आक्षेप सर्वांत सबळ: जो तो गोळ्या खायला लागला तर जंतू त्यांनाही दाद देणार नाहीत. क्लोरोक्विनचं काय झालं हे आपण पाहिलंच. म्हणूनच गोळी निवडकांनीच घ्यावी, पण ज्यांनी घ्यायची त्यांनी पूर्ण घ्यावी.

अफवा औषधाला कशा हरवतात याचा धडा दुसऱ्या महायुद्धात मिळाला. ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढणाऱ्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्यात मराठी पलटणीही होत्या. १९४३ साली तिथे जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका सैनिकामागे आजारी पडलेले एकशे वीस सैनिक होते, असं सेनापती विल्यम स्लिम यांनी लिहून ठेवलं आहे. मलेरिया रोखणारी मेपाक्रिनची गोळी उपलब्ध होती, पण तिनं त्वचा पिवळी पडे आणि पुरुषत्व जातं अशी अफवा पसरली होती. पिवळेपणा खरा होता, अफवा खोटी. सैनिक दोन्हींना सारखंच भ्यायले. स्लिमनी अचानक तपासण्या लावल्या आणि ज्या पलटणीत गोळी घेणारे पंचाण्णव टक्क्यांपेक्षा कमी निघाले, तिथल्या अधिकाऱ्यांना पदावरून काढलं. तीन अधिकारी गेले आणि बाकीचे सावध झाले. आज कुणाही नागरिकावर अशी सक्ती करता येणार नाही आणि करूही नये. सक्ती नसेल तर खरा त्रास आणि अफवा वेगळे करून सांगण्याची जबाबदारी डॉक्टरवर येते, आणि ते विचारून घेण्याची जबाबदारी प्रवाशावर.

म्हणून निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी डॉक्टरकडे किंवा जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा आणि चार गोष्टी सांगा: नेमकं कुठे जाणार, कोणत्या महिन्यात, किती रात्री राहणार, आणि तुम्हाला कोणते आजार व कोणती औषधं चालू आहेत. फिट, नैराश्य, हृदयाची तक्रार, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण यांतलं काहीही लपवू नका. गोळी त्यावरच ठरते. गोळी मिळाली तर ती शेवटच्या दिवसापर्यंत घ्या. नाही मिळाली तर मच्छरदाणी, पूर्ण कपडे आणि अंगाला लावायचं डासरोधक मलम एवढं तरी सोबत ठेवा. आणि गोळी घेतलेली असो वा नसो, परतल्यावर तीन महिन्यांच्या आत कधीही ताप आला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताचा नमुना द्या आणि डॉक्टरनं विचारण्याची वाट न पाहता सांगा की तुम्ही कुठून आला आहात. शंभर टक्के संरक्षण कोणतीच गोळी देत नाही. वेळेवर केलेली रक्ततपासणी मात्र जीव वाचवते, आणि तिचा दुष्परिणाम बोटाला टोचलेल्या सुईपुरताच असतो.